अर्थकारण आणि जागतिक घडामोडी समजून घेण्यासाठी कोणती पुस्तके, कोणत्या क्रमाने वाचावीत?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे छोटे वाचन मंडळ आहे. दोन निवृत्त शिक्षक, एका महिला पतसंस्थेच्या दोन संचालिका, वाणिज्य शाखेचे तीन पदवीधर, बेदाण्याचे एक व्यापारी आणि ग्रंथपाल या नात्याने मी, असे आम्ही नऊ जण महिन्यातून दोनदा ग्रंथालयात बसतो.

गेले वर्षभर आम्ही श्रीमंत होण्याचे मार्ग सांगणारी चार पुस्तके वाचली. ती भराभर वाचून झाली, परंतु वर्षअखेरीस बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला आणि आम्ही सारे निरुत्तर झालो. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाऊ लागली आणि कंटेनरचे भाडे चढले, एवढे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. पण तिकडच्या हल्ल्यांचा भार तासगावच्या सौद्यापर्यंत कोणत्या वाटेने येऊन पोचतो, ते भाडे डॉलरमध्येच का सांगितले जाते आणि डॉलरचा भाव मुळात कशावर ठरतो, यांपैकी एकाही प्रश्नाला आमच्याकडे धड उत्तर नव्हते.

यंदा दोन महिन्यांना एक अशी सहा पुस्तके वाचण्याचा विचार आहे. आमच्यापैकी चौघांना इंग्रजी सहज वाचता येते, बाकीच्यांचा भर मराठीवर आहे. भाकिते सांगणारी पुस्तके नकोत, कारण ती दोन वर्षांत शिळी होतात. एखादी गोष्ट प्रत्यक्षात कशी घडली ते पुराव्यानिशी सांगणारी आणि शक्य तेथे आपल्या देशाशी नाते असणारी पुस्तके जाणकारांनी सुचवावीत, ही विनंती.

खतावणी यांचे उत्तर

कृष्णाकाठ, आपल्या मंडळाचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी बँकेच्या परकीय चलन विभागात एकतीस वर्षे काम केले. डॉलरचा भाव रोज पडद्यावर पाहणाऱ्यालाही तो ठरण्यामागचा इतिहास माहीत असतोच असे नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. मला तो निवृत्तीनंतर पुस्तकांतून कळला, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहीत आहे.

माझी पहिली शिफारस एका पुस्तकाची नसून एका जोडीची आहे. त्यातील पहिले लियाकत अहमद यांचे ‘लॉर्ड्स ऑफ फायनान्स’. हे पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला इतिहासासाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनी येथील मध्यवर्ती बँकांच्या चार प्रमुखांची ही कथा आहे. पहिल्या महायुद्धात मोडलेली सुवर्णचलनाची, म्हणजे चलनाचे मूल्य ठराविक सोन्याशी बांधण्याची, घडी पुन्हा बसवण्याचा त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला आणि त्याच प्रयत्नातून जग १९३०च्या मंदीकडे कसे ढकलले गेले, हे लेखकाने पत्रे आणि दैनंदिन्यांच्या आधारे उभे केले आहे. १९२५ साली इंग्लंडने पौंड पुन्हा सोन्याशी बांधला, तोही युद्धापूर्वीच्या म्हणजे एका पौंडाला ४.८६ डॉलर या जुन्या दराने. मधल्या काळात इंग्लंडमधील किमती वाढलेल्या असल्यामुळे हा दर महाग ठरला. तेथील कोळसा आणि कापड परदेशी गिऱ्हाइकाला परवडेनासे झाले, आणि तो दर टिकवण्यासाठी व्याजदर चढे ठेवावे लागल्यामुळे बेकारी हटेना. १९३१च्या सप्टेंबरात इंग्लंडला सोन्याची साथ सोडावीच लागली. चलनाच्या दराचा अभिमानाशी संबंध जोडला की काय घडते, ते या पुस्तकात पानोपानी दिसते.

जोडीतील दुसरे पुस्तक आपल्या घरचे आहे आणि तरीही आपल्याकडे ते फार थोड्यांनी वाचले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा लंडन विद्यापीठासाठी लिहिलेला प्रबंध १९२३ साली तेथेच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारताचे चलन सोन्याच्या नाण्यावर आधारलेले असावे की सरकारने रुपयाचा पौंडाशी असलेला दर सांभाळत राहावे, हा त्या काळचा वाद होता. इंग्रज अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ साली भारतीय चलनावरील आपल्या पुस्तकात दुसऱ्या पद्धतीची बाजू घेतली होती. आंबेडकरांनी तीच पद्धत खोडून काढली. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, या व्यवस्थेत रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर राहते. परदेशातील दर स्थिर दिसतो खरा, पण देशातील किमती स्थिर राहतीलच याची कोणतीही हमी उरत नाही, आणि मजुरी करणाऱ्याचे पोट दरावर नव्हे तर किमतींवर अवलंबून असते.

बेदाण्याच्या व्यापाऱ्यांसाठी येथे एक हिशेब मांडतो. १९२५ साली भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे ज्या साक्षी झाल्या त्यांत आंबेडकरांचीही होती. रुपया १६ पेन्सचा असावा की १८ पेन्सचा, हा तेथे एक कळीचा प्रश्न होता. पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे १६ पेन्सच्या दराने निर्यातदाराला एका पौंडामागे पंधरा रुपये मिळत आणि १८ पेन्सच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी १६ पेन्सचा आग्रह का धरला, ते यावरून सहज कळेल. परंतु आंबेडकरांचे म्हणणे यापुढे जाते. रुपया स्वस्त झाल्यामुळे निर्यातदाराच्या पदरात पडणारा लाभ बाहेरून देशात येत नाही. किमती चढतात, मजुरी मागे राहते आणि देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून तो दुसऱ्याच्या खिशात जातो. आजही रुपया घसरला की निर्यात वाढेल असे म्हणणारे अग्रलेख येतात, तेव्हा मला हे प्रकरण आठवते.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात हा ग्रंथ आहे. आपल्या ग्रंथालयात तो कदाचित आधीच असेल.

धक्क्यावर यांचे उत्तर

खतावणी साहेबांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे, पण या मंडळाने सुरुवात चलनापासून करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पैसा डोळ्यांना दिसत नाही, माल दिसतो. ज्यांचा मूळ प्रश्न कंटेनरच्या भाड्याचा आहे त्यांनी आधी कंटेनर समजून घ्यावा, आणि त्यासाठी मार्क लेव्हिन्सन यांच्या ‘द बॉक्स’ या २००६ सालच्या पुस्तकाइतके चांगले काही माझ्या वाचनात नाही.

माझे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. गोणी, पिंपे, खोकी असा सुटा माल टोळ्यांनी उतरवायचा, एकेका जहाजाला कित्येक दिवस लागायचे, आणि त्या दिवसांत जहाजमालकाचे पैसे नुसते उभे राहायचे. मी स्वतः न्हावा शेव्याला निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करतो. तेथे क्रेनचा चालक तासाला वीस-पंचवीस कंटेनर उचलतो आणि आत काय आहे हे त्याला ठाऊकही नसते. बापलेकांच्या या दोन कामांमध्ये जे घडून गेले ते मला या पुस्तकात सापडले, म्हणून माझा त्यावर जीव आहे.

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचे जुने तेलवाहू जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. त्यामागे माल्कम मॅकलीन हा ट्रक वाहतुकीचा धंदा करणारा माणूस होता. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८० सेंटांहून अधिक खर्च येई, तो या पद्धतीत १६ सेंटांच्या आसपास आला. एवढे ऐकले की पेटीच्या शोधाने जग बदलले असे वाटू लागते, पण लेखकाचे खरे सांगणे निराळे आहे. नुसत्या पेटीने काहीच स्वस्त झाले नाही. पेटीची मापे साऱ्या जगात एकसारखी व्हावी लागली, गोदी कामगारांच्या संघटनांशी वर्षानुवर्षे वाटाघाटी कराव्या लागल्या, रेल्वे आणि ट्रक यांच्या दरांचे सरकारी नियम बदलावे लागले. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचा माल कॅम रान्हच्या उपसागरात कंटेनरने नेऊन टाकल्यावर रिकाम्या पेट्या परत न्यायच्याच आहेत, तर वाटेत जपानचा माल भरून घ्यावा असे ठरले, आणि त्या व्यापाराला केवढी गती मिळाली ते वाचण्यासारखे आहे. जुनी शहरी बंदरे ओस पडली. त्यांच्या जागी मोकळी जमीन आणि खोल पाणी असलेली नवी बंदरे पुढे आली. आपल्याकडे १९८९ साली न्हावा शेवा सुरू झाले आणि मुंबईच्या जुन्या धक्क्यांवरील कंटेनरचा व्यापार हळूहळू खाडीपलीकडे गेला, ही त्याच गोष्टीची आपली आवृत्ती आहे.

आता आपला मूळ प्रश्न. तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घातला की एका फेरीस दहा ते चौदा दिवस अधिक लागतात. तेवढ्या काळासाठी जहाजही अडकते आणि पेटीही. जगात पेट्या आणि जहाजे मोजकीच असल्यामुळे प्रत्येक फेरी लांबली की जणू काही जहाजे बुडाल्यासारखाच परिणाम होतो. म्हणून ज्याचा माल तांबड्या समुद्रातून जातच नाही त्याचेही भाडे चढते. सुएझ कालवा १९६७ ते १९७५ अशी आठ वर्षे बंद होता, तेव्हा महाकाय तेलवाहू जहाजांच्या वाढीला त्यानेच जोर दिला. वाट बंद पडली की धंदा वाट पाहत बसत नाही, तो आपले रूप बदलतो.

तेलाचा विषय निघालाच आहे, तर जे केवळ मराठी वाचतात त्यांच्यासाठी गिरीश कुबेर यांची ‘हा तेल नावाचा इतिहास आहे’ आणि ‘एका तेलियाने’ ही पुस्तके घ्यावीत. दुसरे पुस्तक सौदी अरेबियाचे तेलमंत्री अहमद झाकी यामानी यांच्याभोवती फिरते. इंग्रजी वाचणाऱ्यांना डॅनियल यर्गिन यांचे ‘द प्राइझ’ आहे. ते फार मोठे आहे, पण १९७३च्या तेलसंकटाची प्रकरणे तेवढी वाचली तरी चालतील.

गुहागरकर यांचे उत्तर

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे. वरच्या दोन्ही शिफारशी उत्तम आहेत. मात्र पतसंस्थेच्या संचालिका आणि वाणिज्य पदवीधर असलेल्या मंडळाने करार आणि ताळेबंद वाचायला शिकवणारे एक तरी पुस्तक घ्यावे असे मला वाटते. त्यासाठी माझीही एक जोडी आहे, आणि तिचे अर्धे कथानक माझ्या तालुक्यात घडले आहे.

दाभोळचा वीज प्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीवरचे बेथनी मॅकलीन आणि पीटर एल्काइंड यांचे ‘द स्मार्टेस्ट गाइज इन द रूम’ हे २००३ सालचे पुस्तक आणि अभय मेहता यांचे ‘पॉवर प्ले’ हे २००० सालचे, त्या प्रकल्पाच्या कागदपत्रांवर आधारलेले पुस्तक, ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यात ह्यूस्टनच्या कार्यालयातून दिसणारे जग आहे, दुसऱ्यात तेच जग मंत्रालय आणि वीज मंडळाच्या टेबलावरून दिसते.

एन्रॉन आणि राज्य वीज मंडळ यांच्यात दाभोळचा सामंजस्य करार जून १९९२ मध्ये झाला. तेव्हा राज्यात ज्यांना तो वाचून समजला असता अशी माणसे होती. जागतिक बँकेने तर १९९३ साली हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नसल्याचे सांगून कर्ज द्यायला नकार दिला. १९९५ साली नव्या राज्य सरकारने करार रद्द केला आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून तो आणखी मोठ्या प्रकल्पासाठी मान्य केला. वीज घेतली नाही तरी प्रकल्पाच्या क्षमतेनुसार ठरलेली स्थिर रक्कम वीज मंडळाने द्यायची, आणि हिशेब बऱ्याच अंशी डॉलरशी बांधलेला, हे त्याचे मर्म होते. १९९३ साली डॉलर साधारण ३१ रुपयांना होता, २००१च्या आरंभी तो ४६ रुपयांच्या वर गेला. खतावणी यांनी सांगितलेला चलनाचा धडा वीज मंडळाला असा भोवला. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॉट वीज सुरू झाली आणि दोन वर्षांत प्रकल्प बंद पडला.

त्याच वेळी अमेरिकेत एन्रॉन वीस-वीस वर्षांच्या करारांचा अपेक्षित नफा करार होताच आपल्या वहीत जमा दाखवत होती आणि कर्जे स्वतःच उभ्या केलेल्या भागीदाऱ्यांच्या नावावर ढकलत होती. २००१च्या मार्चमध्ये बेथनी मॅकलीन यांनी ‘फॉर्च्यून’ नियतकालिकात ही कंपनी नेमका पैसा कमावते कसा, असा अगदी प्राथमिक प्रश्न विचारला. त्याच वर्षी २ डिसेंबरला एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला. पतसंस्थेच्या संचालिकांना मी आवर्जून सांगेन की, नफा आणि हातात आलेली रोकड यांतील अंतर या पुस्तकाइतके स्पष्ट करून दाखवणारे पाठ्यपुस्तक मी पाहिलेले नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. कोसळलेल्या कंपनीवरची पुस्तके वाचताना शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे पहिल्या पानापासून सारे मूर्ख किंवा लबाड वाटू लागतात. म्हणून प्रत्येक प्रकरणानंतर थांबून, त्या तारखेला हाती असलेल्या कागदांवरून आपण कोणता निर्णय घेतला असता, ते मंडळात प्रत्येकाने लिहून काढावे. आमच्या अभ्यासगटात आम्ही हे केले. पहिल्या दोन प्रकरणांनंतर आमच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी दाभोळच्या बाजूने मत दिले होते.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनःपूर्वक आभार. काल आपली उत्तरे मंडळात मोठ्याने वाचून दाखवली. १३ रुपये ५ आणे ४ पैच्या हिशेबावर आमचे एक निवृत्त शिक्षक इतके रमले की त्यांनी फळ्यावर आजच्या डॉलरचा तसाच हिशेब मांडला.

दोन शंका उरल्या आहेत. आंबेडकरांचा प्रबंध नवख्या वाचकाला पेलेल का, ही पहिली. दुसरी अशी की, १९३१ आणि १९५६ येथून आजपर्यंत यायचे तर मधला दुवा कोणता? डॉलर जगाचे चलन झाला कसा, हे अजून आमच्या हाती आलेले नाही.

खतावणी यांचे उत्तर

पहिल्या शंकेबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर, संपूर्ण प्रबंध सलग वाचणे अवघड आहे. त्यातील चांदीच्या भावांचे तक्ते मलाही दोनदा वाचावे लागले. एकोणिसाव्या शतकातील सोने-चांदीच्या दुहेरी चलनावरची सुरुवातीची प्रकरणे इंग्रजी वाचणाऱ्या चौघांपैकी एकाने वाचून तासाभरात समजावून सांगावीत, आणि सुवर्ण विनिमय पद्धतीवरची, म्हणजे रुपयाचा पौंडाशी दर सांभाळण्याच्या त्याच पद्धतीवरची, शेवटची प्रकरणे सर्वांनी मिळून, परिच्छेदागणिक थांबत वाचावीत. त्यापूर्वी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. १८९३ साली सरकारने टांकसाळी जनतेसाठी बंद केल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. हा एक निर्णय समजला की पुढचा सारा वाद समजतो.

धक्क्यावर यांचा क्रम मला आता पटला आहे. ‘द बॉक्स’ आधी घ्यावे.

डॉलरच्या प्रश्नासाठी बेन स्टील यांचे ‘द बॅटल ऑफ ब्रेटन वुड्स’ हे २०१३ सालचे पुस्तक आहे. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या ४४ देशांच्या परिषदेत केन्स आणि अमेरिकेचे हॅरी डेक्स्टर व्हाइट यांच्यातील झुंज त्यात आहे. सोन्याशी बांधलेला डॉलर आणि डॉलरशी बांधलेली बाकीची चलने, ही व्यवस्था तेथे जन्मली आणि १९७१ साली अमेरिकेने सोने देणे थांबवले तेव्हा संपली. सोने गेले तरी डॉलरची सवय मात्र राहिली. भाडे डॉलरमध्ये सांगितले जाते त्याची मुळे तेथे आहेत.

त्या परिषदेला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख भारताच्या शिष्टमंडळात होते, ही गोष्ट आपल्या सभासदांना अवश्य सांगावी. महाडजवळच्या नाते गावचा हा माणूस. युद्धासाठी भारताने पुरवलेल्या मालाचे आणि सेवांचे पैसे लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने अडकून पडले होते. युद्ध संपेपर्यंत ती रक्कम सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. धनको भारत आणि ऋणको इंग्लंड अशी उलटलेली स्थिती असताना, ते पैसे वापरायला मिळावेत म्हणून आपल्या शिष्टमंडळाने परिषदेत आवाज उठवला, पण त्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. देशमुखांचे ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र १९७४ साली आले. जुन्या ग्रंथालयांत ते मिळते.

आणि शेवटचा दुवा १९९१. रिझर्व्ह बँकेने आपल्या इतिहासाचे खंड संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. त्यातील चौथ्या खंडात परकीय चलनाची गंगाजळी आटल्यावर जुलै १९९१ मध्ये जवळपास ४७ टन सोने विमानाने लंडनला पाठवून ४० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज कसे उभारले, त्याची हकिकत आहे. सरकारी गद्य आहे, पण ते दिवस मी खात्यात बसून काढलेले असल्यामुळे मला ते वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते. आयातदार पतपत्रासाठी, म्हणजे परदेशी विक्रेत्याला पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रासाठी, आमच्या दाराशी बसून असत आणि आम्हाला त्यांना उद्या या असे सांगावे लागे.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

आमचे ठरले. पहिले पुस्तक ‘द बॉक्स’. मराठी वाचणारे सभासद त्याच दोन महिन्यांत ‘हा तेल नावाचा इतिहास आहे’ वाचतील. त्यानंतर ‘लॉर्ड्स ऑफ फायनान्स’ आणि आंबेडकरांची निवडक प्रकरणे, मग ब्रेटन वुड्स आणि १९९१चे प्रकरण, आणि दिवाळीनंतर दाभोळची जोडी. ही सहाहून अधिक होतात, पण पतसंस्थेच्या संचालिकांनी दाभोळ सोडायला साफ नकार दिला.

समग्र लेखनाचा सहावा खंड आमच्याच कपाटात निघाला. त्याच्या नोंदवहीत आजवर एकही देवघेव नव्हती. पहिली नोंद काल माझ्या हातून झाली. पहिल्या बैठकीला बेदाण्याचे व्यापारी आपली २०२३ आणि २०२४ सालची भाड्याची बिले घेऊन येणार आहेत. धक्क्यावर साहेब, त्या बिलांवरच्या वेगवेगळ्या आकारांचा अर्थ आम्हाला लागत नाही. रविवारी अर्धा तास दूरध्वनीवरून आपण तो समजावून सांगाल का?

धक्क्यावर यांचे उत्तर

अवश्य. सकाळी अकरानंतर केव्हाही चालेल. बिलांबरोबर जहाजाची भरतीपावती, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, हीसुद्धा काढून ठेवा. जहाज कोणत्या बंदरांवरून गेले ते आपण तिच्यावरून ताडून पाहू.